मोजणी

तीस वर्षं खात्याची तिवई वाहिली खांद्यावर.
सागवानी, पितळी टोकांची, आठ किलोंची,
पावसाळ्यात फुगायची, वैशाखात करकरायची.
परुळ्याच्या सड्यावर, खवण्याच्या माडांत,
जिथे ती उभी राहील
तिथे दोन भाऊ उभे राहायचे समोरासमोर.

आता फंडाच्या पैशांतून माझी स्वतःची घ्यायची
म्हणून कुडाळच्या दुकानात तासभर बसलो.
शार्दूल नावाचा पोरगा, कानात बाळी,
त्याने तीन मांडल्या काचेवर.
ॲल्युमिनियमची स्वस्त,
पण खारं वारं दोन पावसांत तिला पांढरी करणार.
कार्बनची सव्वा किलो, मिटली की हातभर,
किंमत ऐकून मी पाणी मागितलं.
खटक्याची कुलपं घ्या काका, झटपट होतं.
म्हटलं, वाळूही झटपट शिरते त्यात.
पिळाची दे. उघडून गोड्या पाण्याने धुता येतात.
मधला दांडा वर काढायचा नाही, तो सांगू लागला,
आणि मी मान हलवत राहिलो
जशी हद्द कुठली ते माहीत असूनही
दोन्हीकडचं ऐकताना हलवायचो.

एक काळा फिल्टर घेतला, दहा स्टॉपचा,
भर दुपारी डोळ्यापुढे धरला तर अमावास्या.
वायरचा रिमोट. फुंकणी.
बाकीचं घरी होतं:
चपलांच्या खोक्यांतल्या सिलिका पुड्या, वर्षानुवर्षं साठवलेल्या
(बायको विचारायची, कशाला रे),
आणि मालवणच्या लॉजमधली न्हाणीची टोपी,
कॅमेऱ्याला बरोब्बर बसते.

निवतीला पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली.
खडक शेवाळी, मावळतीला अजून पाऊण तास.
पहिला पाय समुद्राकडे, बाकी दोन माझ्याकडे,
हे कुणी शिकवावं लागलं नाही.
पण वारा होता.
सव्वा किलो म्हणजे काय, फुलपाखरू.
फोकस केला की थरथर, सोडला की थरथर.
आठ किलोंची आठवण आली,
खरं सांगतो, प्रेमाने.

खाली कालवं काढत बसलेली बाई
कोयता थांबवून बघत होती.
सरकारान दर्याची मोजणी काढल्यान की काय?
नाही म्हटलं, फोटो.
मग कित्याक थरथरता ता?
वजन नाही म्हणून.
उठली, ओचा झटकला,
आणि पाटी घेऊन आली. पाणी गळत होतं.
दोरी बांदा नि टांगा खाली. चार किलो तरी भरतली.

दांड्याखाली आकडा होता, त्यासाठीच असतो.
तिवई रुतली. शांत झाली.
तीस सेकंदांचं बटण दाबलं.
मी मनात आकडे मोजत होतो तेव्हा ती म्हणाली,
चौऱ्याण्णवात तुमीच इल्लास आमच्याकडे.
द्वारका कुबल. दीर नि मी.
दोन हात तिकडे गेले. माड पण गेलो.

बारा. तेरा.
वारा होता का त्या दिवशी? कातळावर
पितळी टोक घसरलं होतं का?
नकाशा मला आठवतो, शाईची रेघ आठवते,
तिवईचा पाय आठवत नाही.

धरता अजून, ती म्हणाली. गोड आसत नारळ.
एकोणतीस. तीस.

पडद्यावर खडक धारदार, काळे.
पाणी दूध झालेलं, लाट कुठेच नाही.
कडेला, जिथे ती वाकून पुन्हा कालवं काढायला लागली होती,
तिथे फक्त एक फिकट, निळसर डाग,
हललं ते सगळं पुसून टाकतो हा फिल्टर.

पाटी सोडून दिली तिला. दोरी ठेव म्हणालो.
अंधार पडेपर्यंत आणखी चार काढले,
सगळे हलले.
घरी येऊन पाय उघडले, बादलीत धुतले.
वाळू निघाली, आणि शिंपल्याची एक कपची.
पहिला फोटो मी अजून
पुसलेला नाही, छापलेलाही नाही.